रिकाम्या पट्ट्या

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या कारखान्यात शिपायापासून मालकापर्यंत सगळे म्हणतात, आणि खरंच आहे ते. बावीस वर्षं मी एकच वस्तू करतेय. पट्टी. स्क्रूची पट्टी. लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही?" मी सांगायला लागते आणि दुसऱ्या वाक्याला त्यांचे डोळे पेंगतात. तरी इथे सांगणार आहे, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

छताला बोर्ड लावणारा माणूस शिडीवर उभा असतो. एका हाताने बोर्ड रेटायचा, दुसऱ्या हातात मशीन. स्क्रू धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून स्क्रू प्लॅस्टिकच्या पट्टीत ओवलेले असतात, एका पट्टीत पन्नास. मशीन दाबलं की एक स्क्रू आत जातो, पट्टी एक घर पुढे सरकते आणि दुसरा स्क्रू हजर. प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती एक कडं असतं. ते दोन बारीक दुव्यांनी पट्टीला धरलेलं असतं आणि समोरून त्याला एक फट असते. स्क्रू पुढे गेला की कडं फटीपाशी उघडतं, स्क्रूला सोडतं आणि स्वतः पट्टीलाच लटकून राहतं. रिकामी पट्टी मशीनच्या दुसऱ्या अंगाने बाहेर येते. घट्ट धरायचं आणि वेळेवर सोडायचं, एवढंच. फट किती खोल, दुवे किती जाड, यात माझी बावीस वर्षं गेली. हसू नका. केसाएवढा फरक पडला तरी शिडीवरची माणसं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

शिडीवरच्या त्या माणसांतला एक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

आमच्या घरात फार आधीच ठरून गेलं होतं की मी हुशार आणि तो धांदरट. दूध सांडलं, धाकटा. किल्ली हरवली, धाकटा. किल्ली माझ्याच दप्तरात सापडली, तरी ती तिथे धाकट्यानेच टाकली असणार. आई हसायची, मी हसायचे, आणि तोही हसायचा. तो का हसायचा, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने बुटांच्या एका दुकानाचं छत केलं. चार महिन्यांनी त्याचा एक कोपरा खाली आला. दुकानातल्या विक्रेत्याचा खांदा मोडला. कंत्राटदार थेट माझ्याकडे कारखान्यात आला. "बाई, पट्टी तुमची, भाऊ तुमचा. आता तुम्हीच सांगा." मी गोदामातली पट्टी काढली, स्टँडला बांधलेल्या मशीनवर दोनशे स्क्रू मारून दाखवले. एकही अडकला नाही. मग मी माझं ते वाक्य बोलले, चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात: "पट्टीत खोट नाही. त्याचा हातच वाकडा आहे."

तेवढं पुरलं. छताच्या धंद्यात माणसं मोजकी, आणि सख्खी बहीण म्हणतेय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? धाकट्याला कामं यायची थांबली. दोन वर्षं तो दारांच्या बिजागऱ्या बदलत आणि लोकांची कपाटं भिंतीला लावत फिरला.

तेव्हा तो एकदा माझ्याकडे आला होता. हातात एक कापडी पिशवी. "ताई, त्या दुकानातल्या रिकाम्या पट्ट्या आहेत. जरा बघतेस?"

"रिकाम्या पट्टीत बघण्यासारखं काय असतं रे?" मी म्हणाले. "केर आहे तो."

आणि मी हे चिडून म्हणाले नव्हते. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. चाचणीत मशीनमधून निघालेली रिकामी पट्टी सरळ खालच्या पिंपात पडते, पिंप भरलं की दळायला जातं, आणि तिचे पुन्हा प्लॅस्टिकचे दाणे होतात. बावीस वर्षांत आमच्या कारखान्यात एकाही माणसाने रिकामी पट्टी उचलून उजेडात धरलेली मी पाहिली नाही. आम्ही स्क्रू बघतो. सरळ बसला का, खोल गेला का, डोकं बुडालं का. पट्टीचं काम संपलं की पट्टी संपली.

पिशवी मी टेबलाच्या खालच्या खणात कोंबली आणि विसरून गेले.

या वर्षी त्याला एक संधी मिळाली. नव्या दवाखान्याच्या वाट बघायच्या खोलीचं छत. मोठी खोली, चाळीस माणसं बसतील एवढी. कंत्राटदार तोच. त्याच्याकडे माणसं कमी पडली होती, म्हणून नाक मुरडत का होईना, त्याने धाकट्याला बोलावलं. "एकदा बघतो," म्हणाला, "पुन्हा काही झालं तर मात्र या धंद्यात तुझं तोंड दाखवू नकोस." धाकट्याने हे मला शब्दन् शब्द सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन केला. "ताई, तुझी पट्टी अडकते गं. डोक्यावर धरून मारताना कडं लवकर सुटत नाही."

मी तोंड उघडलं होतं हात वाकडा म्हणायला. काय झालं कोण जाणे, पण म्हणाले नाही. दोन वर्षांत तो थकलेला दिसायला लागला होता, कानामागे केस पांढरे झाले होते. मी म्हणाले, "येते बघायला."

गेले. आणि शिडीवर चढले. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरतायत, खाली धाकटा शिडी धरून. मशीन डोक्यावर धरलं आणि पहिल्या मिनिटात कळलं की ते सरळ राहूच शकत नाही. कुणाच्याच हातात. मनगट थोडं तरी कलतंच. बावीस वर्षं मी स्टँडला बांधून, सरळ खाली, लाकडात स्क्रू मारत होते, आणि बाहेर सगळं जग तिरक्या हाताने काम करत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"कळलं?" खालून धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग मी घाई केली. कडं लवकर सुटायला हवं तर फट खोल करायला हवी. पण त्याला नवा साचा लागतो, म्हणजे दोन महिने. दुवे बारीक करायचे तर अर्ध्या दिवसाचं काम. मी दुवे बारीक केले. नमुन्याची बारा खोकी निघाली, रंग न घातलेली, दुधी. नेहमीची आमची पट्टी निळी असते. नमुना दुधी ठेवतात, म्हणजे चुकून बाहेर जाऊ नये. चाचणी पुरी होईपर्यंत नमुना फाटकाबाहेर न्यायचा नाही, हा नियम मीच नव्या पोरींना घसा फोडून सांगते. आणि तीन खोकी मीच जेवणाच्या पिशवीत घालून नेली. "घे," म्हणाले धाकट्याला. "डोळे मिटून वापर."

छत झालं. पट्टी लोण्यासारखी चालते, असा त्याने निरोप धाडला. मी दोन दिवस तरंगत होते.

रविवारी मी आईकडे गेले. तिच्या गॅलरीत काकडीचा वेल आहे. धाकटा कामावरच्या रिकाम्या पट्ट्या तिला आणून देतो आणि ती त्यांनी वेल गजांना बांधते. "सुतळी कुजते," आई म्हणते, "ही कुजत नाही." मी चहाचा कप घेऊन उभी होते. उन्हात एक दुधी पट्टी चमकली. सहज बोट लावलं. भोकं अगदी गुळगुळीत होती.

नको तितकी गुळगुळीत. रिकाम्या पट्टीला उघडलेली कडी लटकलेली हवीत, तुटक्या नखांसारखी. इथे कडीच नव्हती. मी गाठ सोडून पट्टी हातात घेतली. पन्नास घरं. सदतीस घरांत कडं नाही.

कडं पट्टीवर नाही, खाली जमिनीवर पडलेलं धाकट्याने कधी सांगितलं नाही, मग ते आहे कुठे? एकच जागा उरते. स्क्रूच्या मानेला चिकटून ते आत गेलं. स्क्रूचं डोकं आणि बोर्ड यांच्या मध्ये बसलं. दुवे बारीक, फट तेवढीच, हात तिरका. कडं उघडायच्या आधी दुवेच तुटले.

ज्याला हा धंदा माहीत नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं. आज काहीच नाही. आज स्क्रू घट्ट लागतो. पण प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं. गरम दिवसांत जास्तच. चार महिन्यांत ते कागदासारखं होतं, आणि स्क्रूचं डोकं बोर्डावर नुसतं टेकून राहतं, धरत नाही. एक सैल झाला की वजन शेजारच्यावर येतं.

"काय गं, पांढरी फटक पडलीस?" आई म्हणाली. "आणि ती पट्टी कशाला सोडलीस? वेल पडेल ना."

सोमवारी सकाळी मी चाचणी खोलीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या तपासनीसाला सगळे शंकासुर म्हणतात. त्याला मी म्हणाले, स्टँडचं मशीन सोडा आणि डोक्यावर धरून मारा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. स्टुलावर चढून वीस स्क्रू मारले. मग स्वतःच रिकामी पट्टी उचलून खिडकीशी नेली.

"चौदा कडी नाहीत," तो म्हणाला. मग त्याने कपाट उघडलं. "बाई, नमुन्याची खोकी बारा होती. कपाटात नऊ आहेत."

माझी पाचावर धारण बसली. "मी नेलीत," म्हणाले.

"लागलीत कुठे?"

"छताला."

"मला लिहावं लागेल," शंकासुर म्हणाला. "उद्या दुपारी लिहीन. त्याआधी ज्याला सांगायचं त्याला सांगून या."

दवाखाना गुरुवारी उघडणार होता. मी पोचले तेव्हा रंगाऱ्यांचं काम संपत आलं होतं. खोली पांढरीशुभ्र दिसत होती. खुर्च्या येऊन पडल्या होत्या, एकीवर एक रचलेल्या. धाकटा कोपऱ्यात हत्यारं पुसत बसला होता. मी त्याच्यासमोर पट्टी धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. सांगताना मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शेवटी एकदाचं बघितलं, तर त्याला आश्चर्यच वाटलेलं नव्हतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"कडी जातायत ते. दुसऱ्या दिवशीच दिसलं."

माझं डोकं असं फिरलं! "आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास? चाळीस माणसं बसणार इथे! अरे, अक्कल गहाण टाकलीस का?"

"ओरडू नकोस." त्याने रंगाऱ्यांकडे पाहिलं. "मधल्या ओळींत मी हाताने दुप्पट स्क्रू मारलेत. सुट्टे, विकत आणून. प्रत्येक स्क्रूच्या शेजारी एक. कडेच्या चार ओळी राहिल्या. मी म्हणालो होतो कंत्राटदाराला, दोन दिवस द्या. तो म्हणाला, तुझं नेहमीचंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर पुट्टी भरून झाली होती."

"मला का नाही सांगितलंस? एक फोन करायचास."

तो बराच वेळ पाना पुसत राहिला. पाना आधीच स्वच्छ होता.

"काय सांगू, ताई? आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस. शिडीवर चढलीस माझ्यासाठी. मी सांगितलं म्हणून पट्टी बदललीस. आईला फोन करून सांगितलंस, हे धाकट्यानं शोधून काढलं म्हणून. आणि दुसऱ्याच दिवशी मी म्हणू, पट्टी वाईट आहे?" त्याने पाना खाली ठेवला. "मागच्या वेळी म्हणालो होतोच की. पिशवी भरून आणून दिली होती. तू म्हणालीस, केर आहे."

मला एकदम ते दुकान आठवलं, तो पडलेला कोपरा, आणि तो खण.

तिथून कारखान्यात परत कशी आले, मला सांगता येणार नाही. टेबलाशी मी जमिनीवरच बसले आणि खालचा खण ओढला. मोडक्या गिअरच्या खाली पिशवी तशीच होती. आत निळ्या पट्ट्या, रबरबँड लावून नीट जुडग्यांत बांधलेल्या. प्रत्येक पट्टीवर सुताराच्या पेन्सिलीने त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं. पहिली ओळ, दारापासून. दुसरी ओळ, दारापासून. आमचा धांदरट धाकटा! सव्वीस पट्ट्या, आणि एकीवरही खाडाखोड नाही.

मी एकेक पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. पहिल्या पाच ओळी ठीक होत्या, कडी जागच्या जागी. सहावीपासून भोकं रिकामी व्हायला लागली. शेवटच्या सहा ओळींत निम्मी कडी नव्हती. शेवटच्या सहा ओळी म्हणजे खिडकीकडचा कोपरा. तोच पडला होता.

कारणही मला शोधावं लागलं नाही. सहाव्या ओळीला उघडलेल्या खोक्याचं लेबल त्याने त्या पट्टीला चिकटवून ठेवलं होतं, त्यावर महिना होता. त्या महिन्यात फट पाडणारं पातं झिजलं होतं आणि कड्यांना नीट फटच पडत नव्हती. ते पातं तीन आठवड्यांनी बदललं गेलं. बदलायचा कागद मीच सही करून दिला होता. आणि कंत्राटदारासमोर मी जे दोनशे स्क्रू मारले, ते नव्या पात्याच्या पट्टीतले होते, सरळ खाली, लाकडात.

मी रडले. पन्नाशीची बाई जमिनीवर बसून हुंदके देत होती आणि शंकासुर दारातून बघून गुपचूप परत गेला. मला नोकरीची भीती वाटत नव्हती असं नाही, वाटत होती. पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. दोन वर्षं माझा भाऊ लोकांच्या दारांच्या बिजागऱ्या बदलत होता आणि दर भेटीत माझ्या तोंडून ऐकत होता, "जमतंय ना रे आता, हात सरळ ठेव."

मंगळवारी सकाळी मी कंत्राटदाराला आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना त्या खोलीत बोलावलं. नोंदणीच्या टेबलावर पट्ट्या मांडल्या. एकीकडे दुधी, एकीकडे निळ्या. धाकटा लांब उभा होता, हाताची घडी घालून. मी आधी दुधी पट्टीचं सांगितलं. कडेच्या चार ओळी उघडाव्या लागतील, गुरुवारी दवाखाना उघडता येणार नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. कंत्राटदाराने सवयीने मान वळवून धाकट्याकडे पाहिलं.

"तिकडे नका बघू," मी म्हणाले. "इकडे बघा. पट्टी मी दिली, चाचणी न करता दिली. यानं तर रात्रीचा दिवस करून अर्ध्याहून जास्त छत सावरून धरलंय, आणि तुम्ही त्याला दोन दिवस दिले नाहीत."

कंत्राटदाराने तोंड उघडलं, पण मी त्याला बोलूच दिलं नाही. एकदा थांबले असते तर पुढचं माझ्या तोंडून निघालं नसतं.

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोर म्हणाले होते, याचा हात वाकडा आहे. हात सरळ होता. माझी पट्टी वाईट होती. या बघा त्याच दुकानातल्या पट्ट्या. यानं तेव्हाच आणून दिल्या होत्या. मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. ज्या चार माणसांसमोर मी ते बोलले, त्या चौघांना मी स्वतः जाऊन हे सांगणार आहे. आणि त्या विक्रेत्यालाही."

कंत्राटदाराने एक निळी पट्टी उचलली. पेन्सिलीची अक्षरं वाचली, मग दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"दोन वर्षं, बाई," तो शेवटी म्हणाला. एवढंच. मला त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं.

धाकटा माझ्याजवळ आला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. मी तसं काही मनात धरलं होतं का? धरलं होतं, खोटं कशाला बोलू. त्याने शिडी उचलली, खिडकीकडच्या कडेला लावली आणि वर चढला. पुट्टी खरवडून पहिला स्क्रू उलटा फिरवून काढला. माझ्याकडे न बघता हात खाली केला. मी तो स्क्रू घेतला. मानेला कडं होतं, दुधी, आणि थोड्या दिवसांतच एका बाजूने चपटं झालेलं.

मी शिडीजवळ गेले आणि दोन्ही हातांनी ती धरली. त्या दिवशी त्याने माझ्यासाठी धरली होती तशी.

"सोड," तो वरून म्हणाला. "खाली उभी राहू नकोस, ताई. हे पडेल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उलट उत्तर दिलं नाही. शिडी सोडली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले.